चढावर दम खाणारा वायपर
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जुनी पेट्रोल जीप ज्यांनी भर पावसात चालवली आहे, त्यांना एक गंमत ठाऊक असते. गाडी सपाटीवर असेपर्यंत वायपर ठीक चालतो. चाळीसगाव मागे टाकून गाडी कन्नडच्या औट्रम घाटाला लागली, ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की वायपर मंदावतो. आणखी दाबला की काचेच्या मधोमध उभाच राहतो. बाहेर पाऊस कोसळतोय, समोरून ट्रक उतरतोय आणि वायपर मात्र आपल्या अहिराणीत म्हणायचे तर 'दम खाई राहिना'. मग ड्रायव्हर क्षणभर पाय उचलतो. पाय उचलताच वायपर झटक्यात दोन फेऱ्या मारतो, काच पुसली जाते आणि पाय पुन्हा खाली जातो. घाट संपेपर्यंत हाच खेळ.

यात बॅटरीचा काही दोष नाही. त्या वायपरला वीज लागतच नाही. विलीजच्या जुन्या पेट्रोल जीपवर व्हॅक्यूमचा वायपर असे. काचेच्या चौकटीवर एक छोटी डबी, तिच्यात एक पाते आणि डबीपासून इंजिनापर्यंत गेलेली एक नळी, एवढाच त्याचा संसार. ही जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्रांनी मुंबईत जुळवायला सुरुवात केली आणि ती खेड्यापाड्यांत पोचली. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वाटांवरून अशा जीप वर्षानुवर्षे धावल्या. आज हौसेने जपलेल्या थोड्या उरल्या आहेत. पण व्हॅक्यूमचे काम तेवढ्यावर संपलेले नाही. आपल्या आजच्या गाडीच्या ब्रेकला जो बूस्टर असतो, तोही पुष्कळ गाड्यांत याच तत्त्वावर चालतो. वायपर मंदावला तर काच धूसर होते. ब्रेकचा व्हॅक्यूम मंदावला तर काय होते, हे घाट उतरणाऱ्याला विचारावे. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. व्हॅक्यूम काही ओढत नाही. ओढण्याची ताकद पोकळीत नसते. आपल्या सगळ्यांच्या अंगावर बाहेरच्या हवेचा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो भार सतत असतो, आणि तो सगळीकडून सारखा असल्यामुळे जाणवत नाही. एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूची हवा ढकलते. काम करते ती बाहेरची हवा.

हे खानदेशातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायची गरज नाही. विहिरीवर पंप बसवताना तो पाण्यापासून फार उंच चालत नाही, सहा-सात मीटरच्या आत ठेवावा लागतो, हे त्याला माहीत असते. पंप पाणी वर ओढत नाही, तो फक्त नळीतली हवा कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा दाबते आणि पाणी नळीत चढते. हवेची ताकद अगदी पूर्ण वापरली तरी पाणी जेमतेम दहा मीटर चढेल. सक्शनच्या जोडाला केसाएवढी फट पडली की पंप 'हवा घेतो' आणि पाणी सोडतो. तळाचा फूट व्हॉल्व्ह गळका झाला की रात्रीत नळी रिकामी होते आणि सकाळी बादलीने पंप भरत बसावे लागते. शेणकाला ओतून ती फट बुजवणारे शेतकरी आपण पाहिले आहेत. जीपच्या वायपरमध्ये, ब्रेकच्या बूस्टरमध्ये आणि पुढे मी सांगणार आहे त्या परदेशी गाड्यांच्या दिव्यांमध्ये हेच दोन मुख्य रोग आहेत : जोडातून हवा घेणे आणि फूट व्हॉल्व्ह गळणे.

आता हा व्हॅक्यूम येतो कुठून? पेट्रोल इंजिन श्वास घेते तेव्हा पिस्टन खाली जाताना हवा आत घेतो. पण कार्ब्युरेटरच्या घशात एक झडप असते, ती आपण अ‍ॅक्सिलरेटरने उघडतो. पाय सोडलेला असताना झडप जवळजवळ बंद, म्हणून तिच्या मागे मॅनिफोल्डमध्ये चांगली पोकळी तयार होते. चांगल्या इंजिनात, गाडी उभी असताना, ही पोकळी पाऱ्याच्या ४३० ते ५३० मिलिमीटरच्या घरात भरते. बाहेरची पूर्ण हवा ७६० मिलिमीटर धरली, तर हे काही कमी नाही. पण चढावर झडप सताड उघडली की पोकळी जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे इंजिनाला जेव्हा सगळ्यात जास्त जोर लावायचा असतो, तेव्हाच वायपरचा जोर जातो. उतारावर उलट होते. गाडी गिअरमध्ये, पाय वर, झडप बंद. तेव्हा व्हॅक्यूम सगळ्यात भरपूर असतो आणि वायपर वेड्यासारखा धावतो. त्या काळच्या कारखानदारांनाही हे दिसत होतेच. त्यांनी उपाय म्हणून पेट्रोल पंपाच्याच अंगाला एक जादा डायफ्रॅम लावून दुहेरी पंप काढला. खालून पेट्रोल चढवायचे, वरून वायपरला व्हॅक्यूम पुरवायचा. उपाय चांगला होता. मात्र हा डायफ्रॅम फाटला की इंजिनाचे ऑइल वर चढून मॅनिफोल्डमध्ये जाते आणि सायलेन्सर निळा धूर ओकू लागतो. पुष्कळ जुन्या जीपच्या रिंगा आणि पिस्टन निष्कारण बदलले गेले असतील. दोष इंजिनात नसून पंपाच्या डोक्यात असतो.

आता ते परदेशी दिवे. १९६२ साली इंग्लंडमधल्या लोटस कंपनीने एलान नावाची छोटी स्पोर्ट्स कार आणली. गाडीचे नाक हवेला कमी अडावे म्हणून अगदी खाली आणि निमुळते. पण हेडलाइट जमिनीपासून ठराविक उंचीवर असावेत, असा कायद्याचा दंडक होता. तोड अशी निघाली, की दिवसा दिवे बॉनेटच्या आत झोपलेले राहतील आणि रात्री डोळे उघडल्यासारखे वर येतील. ते उचलायला व्हॅक्यूम. चेसीची पुढची आडवी पेटी पोकळ होती, तिचाच व्हॅक्यूमच्या टाकीसारखा उपयोग केला. अमेरिकेत शेव्रोलेच्या कॉर्व्हेटला १९६८ ते १९८२ या काळात असेच व्हॅक्यूमचे दिवे होते. १९७२ पर्यंत तर वायपर झाकणारे झाकणही व्हॅक्यूमनेच उघडे. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर अशी गाडी दिसणे कठीण. पण या गाड्यांचे शौकीन जगभर आहेत आणि त्यांची कायमची तक्रार एकच : दिवे हळू वर येतात. एक येतो, दुसरा मागाहून येतो. कधी एकच डोळा उघडतो, गाडी डोळा मारत असल्यासारखी दिसते. त्या तक्रारीचा माग काढण्याची रीत आणि आपल्या जीपच्या वायपरचा माग काढण्याची रीत यांत तसूभरही फरक नाही.

पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की दोन्ही बाजू मंद आहेत की एकच? दोन्ही मंद असतील तर रोग मुळाकडे आहे : इंजिनात, मुख्य नळीत, टाकीत किंवा डॅशबोर्डवरच्या स्विचमध्ये. एकच मंद असेल तर त्याच फांदीवर पाहायचे. गॅरेजमध्ये पुष्कळदा याच्या उलट होते. जो दिवा किंवा जो वायपर मंद दिसतो, त्याचीच डबी आधी खोलली जाते. ती महाग असते, तिचे सुटे भाग मिळत नाहीत आणि बहुतेक वेळा ती चांगलीच असते.

दुसरा प्रश्न थोडा बारकाईचा आहे. उशिरा पण पूर्ण हलतो, की अर्ध्यावर थांबतो? दोन्हींचे अर्थ वेगळे. उशिरा का होईना पण शेवटपर्यंत जात असेल, तर ताकद पुरेशी आहे, वाट अरुंद आहे. नळी कुठे मुडपली आहे, आतून फुगून बारीक झाली आहे, गाळणी धुळीने भरली आहे किंवा सांध्यांतले ग्रीस वाळले आहे. अर्ध्यावर थांबत असेल, तर ताकदच अपुरी. व्हॅक्यूम कमी पडतोय किंवा डायफ्रॅम फाटलाय. आकड्याने पाहू. दहा सेंटीमीटर व्यासाच्या डायफ्रॅमवर ४५० मिलिमीटरचा व्हॅक्यूम मिळाला तर जवळजवळ ४८ किलोचा जोर येतो. व्हॅक्यूम २५० वर आला की तोच जोर २७ किलोवर उतरतो. दिवा उचलणाऱ्या दांड्याला मग वाळलेले ग्रीससुद्धा जड होते.

आणि तिसरी खूण : पहिल्यांदा चपळ, दुसऱ्यांदा मंद, असे होते का? तसे असेल तर टाकीत साठा आहे, पण तो भरून निघत नाही. इंजिनाकडून येणारी नळी तपासायची.

हाताने हलवून पाहण्याचे काम सगळ्यात आधी करावे, कारण त्याला पैसे लागत नाहीत. दांडा सोडून वायपर किंवा दिवा बोटाने हलवायचा. तो लोण्यासारखा हलला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यात काळ्या मातीची धूळ. सांध्यातले ग्रीस केळीच्या चिकासारखे घट्ट होऊन बसते. घासलेटाने धुऊन, पुसून, नवे पातळ ग्रीस लावले की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आणखी एक शत्रू आपल्याकडे आहे, ज्याचा उल्लेख परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही : कुंभारीण माशी. डायफ्रॅमच्या एका बाजूची हवा काढली तर दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा मोकळी आत यावी लागते. त्या बारीक भोकात माशी मातीचे घर करते. गाडी दोन महिने शेडमध्ये उभी राहिली की भोक बंद. मग व्हॅक्यूम कितीही चांगला असला तरी ढकलणारी हवाच आत येत नाही.

यांत्रिक भाग मोकळा असेल, तर मग नळ्यांकडे वळायचे. व्हॅक्यूम गेज चारचौघांकडे नसतो, पण जुन्या गाडीचा शौक असेल तर तो घ्यावाच. मॅनिफोल्डवर लावून इंजिन आयडलवर चालवायचे. काटा स्थिर आणि वर हवा. काटा थरथरत असेल तर आधी इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि प्लग पाहा, वायपरच्या मागे लागू नका. इथे उंचीचाही थोडा हिशेब आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर आहे. तोरणमाळ हजाराच्या वर. जितके वर जाल तितकी बाहेरची हवा विरळ, दर शंभर मीटरला पाऱ्याचे साधारण आठ-नऊ मिलिमीटर. जळगावात ४८० दाखवणारा गेज तोरणमाळला चारशेच्या आसपास आला, तर इंजिन बिघडले असे समजायचे कारण नाही.

गेज नसेल तर नळी काढून तोंडावर बोट ठेवा. बोट घट्ट धरले गेले पाहिजे. मॅनिफोल्डपाशी धरले जाते आणि डबीपाशी धरले जात नाही, तर चोर मध्ये कुठेतरी आहे. आता तो शोधायला सगळी नळी नखशिखान्त उकलत बसू नये. मधोमध नळी काढायची, इंजिनाकडच्या तोंडात स्वच्छ बोल्ट खुपसायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा. नळी हवा घेत होती तेव्हा आयडल अडखळत असेल आणि बोल्ट बसवताच सुरळीत झाले, तर गळती पलीकडच्या निम्म्यात आहे. फरक पडला नाही तर अलीकडच्या. पुन्हा त्या निम्म्याचे निम्मे. तीन-चार वेळांत आपण नेमक्या जोडावर येऊन पोचतो.

टायरचे पंक्चर काढतात तसे साबणाचे पाणी लावून इथे बुडबुडे येत नाहीत, हे लक्षात घ्यावे. हवा बाहेर येत नसते, आत जात असते. साबण आत ओढला जातो इतकेच. काही जण नळ्यांवर पेट्रोल किंवा क्लीनर शिंपडून इंजिनाचा आवाज बदलतो का ते पाहतात. तापलेल्या मॅनिफोल्डजवळ पेट्रोल शिंपडणे म्हणजे घराला आग लावून उजेड पाडण्यासारखे आहे. उदबत्तीच्या धुराचा उपायही कार्ब्युरेटरच्या आसपास नको. त्यापेक्षा फूटभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरे जोडांवरून फिरवा. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखे. फुसफुस स्पष्ट ऐकू येते.

जीपच्या बाबतीत एक जागा हमखास असते. काचेची चौकट पुढे पाडता येते, त्यामुळे तिथे रबरी नळी बिजागरीपाशी वाकते. खानदेशी उन्हात रबर कडक होते, आणि वाकते तिथेच आधी चिरते. वरून नळी नवी दिसते, चीर पोटाकडून असते. ती बदलताना आणखी एक चूक सर्रास होते. हाताशी असेल ती पाण्याची मऊ नळी नाहीतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावतात. बाहेर ढकलणारा दाब असेल तर तो टिकेल. पण इथे आत पोकळी आहे. बाहेरची हवा त्या मऊ नळीला चपटी करते. इंजिन बंद करून पाहावे तर नळी गोल गरगरीत, एकही चीर नाही. इंजिन चालू केले की चपटी. या दोषाने चांगले चांगले मिस्त्री चकतात. जाड भिंतीची, व्हॅक्यूमसाठीच केलेली नळी घ्यावी आणि दोन्ही टोकांना क्लिप लावाव्यात.

टाकी असेल तर ती खालून पाहावी. पत्र्याची टाकी चाकाजवळ असते, चिखल उडतो, गंजाने टाचणीएवढी भोके पडतात. आणि टाकीच्या तोंडाशी तो फूट व्हॉल्व्हचा भाऊ : एकदिशा व्हॉल्व्ह, गॅरेजच्या भाषेत नॉन-रिटर्न. इंजिनाकडे हवा जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. काढून, पुसून, एका बाजूने फुंकून पाहावे : जावी, दुसऱ्या बाजूने : जाऊ नये. दोन्हीकडून गेली तर तो टाकून द्यावा. याच व्हॉल्व्हमुळे चढावर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कोसळला तरी टाकीतला साठा थोडा वेळ टिकतो. हा गळका असेल तर टाकी असून नसल्यासारखी.

आता ब्रेककडे येऊ. इथे मंदपणा चैनीचा राहत नाही.

ब्रेकचा बूस्टर म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधला मोठा डबा. आत डायफ्रॅम. तेवीस सेंटीमीटर व्यासाच्या डायफ्रॅमवर ५०० मिलिमीटरचा व्हॅक्यूम असेल तर पावणेतीनशे किलोहून अधिक जोर तो आपल्या पायाला जोडतो. तो गेला तर ब्रेक लागत नाहीत असे नाही. लागतात, पण तीन-चारपट जोराने पेडल दाबावे लागते. सवय नसलेल्या माणसाला वाटते, ब्रेक 'दगड' झाला. घाबरून तो पाय उचलतो आणि पुन्हा मारतो. तिथे घात होतो.

डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी. त्याच्या घशात पेट्रोल इंजिनासारखी झडप नसते, ते नेहमी पोटभर हवा घेते. म्हणून मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्यूम तयारच होत नाही. मग त्याच्यासाठी वेगळा पंप लागतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला 'एक्झॉस्टर' म्हणतात. पुष्कळ डिझेल गाड्यांत, ज्यांतून आपल्या गावोगावची काळी-पिवळी प्रवासी वाहतूक वर्षानुवर्षे चालली, हा एक्झॉस्टर अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. अल्टरनेटर पट्ट्याने फिरतो, त्याच्याच दांड्यावर हा फिरतो, आणि त्याला वंगण म्हणून इंजिनाचे ऑइल बारीक नळीने येते.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. पट्टा तुटला तर डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागतो. पुष्कळ ड्रायव्हर म्हणतात, 'बॅटरी चार्ज होत नाही ना, दिवसाउजेडी काय बिघडते, घरी जाऊन पाहू.' अशा गाडीत पट्ट्यासोबत ब्रेकचा व्हॅक्यूमही गेलेला असतो. बूस्टरमध्ये उरलेल्या साठ्यावर दोन-तीन वेळा ब्रेक नरम लागतो, मग दगड. लळिंगच्या घाटात किंवा सेंधव्याकडून बिजासन उतरताना लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडणे हाच मार्ग. पट्टा सैल असेल तर तो ओल्या पावसात घसरतो, तेव्हा दिवा अधूनमधून मिणमिणतो आणि पेडल अधूनमधून जड होते. ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर बूस्टर खोलायची घाई नको.

एक्झॉस्टरच्या आत सरकणारी पाती असतात. ती झिजली की व्हॅक्यूम तयार होतो, पण हळू. एकदा ब्रेक मारला तर ठीक, लागोपाठ तीनदा मारला की तिसऱ्यांदा पेडल जड. वर दिव्यांच्या बाबतीत सांगितलेली तिसरी खूण ती हीच. त्याची ऑइलची नळी गळत असेल तर दुहेरी नुकसान : पाती कोरडी पडतात आणि इंजिनाचे ऑइल रस्त्यावर जाते.

आणि मग ती सवय. डिझेल वाचवायचे म्हणून उतारावर न्यूट्रल मारून इंजिन बंद करायचे. इंजिन बंद, एक्झॉस्टर बंद, व्हॅक्यूम साठ्यापुरता. शिवाय गिअरचा अडसरही गेला. गाडी गिअरमध्ये असती तर चाकांनी इंजिन फिरवले असते, इंजिनाने पट्टा फिरवला असता आणि ब्रेकला व्हॅक्यूम मिळत राहिला असता. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसून अनेकांचे जीव गेले. अशा जड वाहनांचे ब्रेक व्हॅक्यूमचे नसून दाबलेल्या हवेचे असतात, त्यामुळे ती घटना या भाषणाच्या कक्षेत सरळ येत नाही. पण तो उतार काय चीज आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

भुसावळच्या मंडळींना इथे एक शंका येईल. रेल्वेतही वर्षानुवर्षे व्हॅक्यूम ब्रेक होते. मग तिथे व्हॅक्यूम गेल्यावर गाडी थांबायची, आणि मोटारीत व्हॅक्यूम गेल्यावर थांबत का नाही? शंका अगदी रास्त. रेल्वेत विचार उलटा केलेला होता. इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत एक नळी, तिच्यात सुमारे ५१ सेंटीमीटरचा व्हॅक्यूम, आणि हा व्हॅक्यूम ब्रेक सोडवून धरी. डबे तुटले, नळी फाटली किंवा कुणी साखळी ओढली, की हवा आत शिरे आणि ब्रेक आपोआप लागत. बिघाड झाला तर गाडी उभी राहावी, अशी ती रचना. वाफेच्या इंजिनाच्या काळात जोडावरचे रबरी वॉशर झिजले की गाडीचे ब्रेक पुरते सुटत नसत आणि चाके रेटत चालत. तोही मंद व्हॅक्यूमचाच आजार. आता रेल्वेत दाबलेल्या हवेचे ब्रेक आहेत, पण बिघाड झाला की थांबायचे हे तत्त्व तेच. लोटस एलानच्या दिव्यांतही पुढे असाच बदल झाला. सुरुवातीला व्हॅक्यूम गेला की दिवे मिटत, म्हणजे भर रात्री अंधार. नंतरच्या काही गाड्यांत व्हॅक्यूम दिव्यांना खाली धरून ठेवी आणि स्प्रिंग वर उचली. गळती झाली तर दिवे आपोआप उघडत. मोटारीच्या बूस्टरला मात्र हे साधलेले नाही. तिथे व्हॅक्यूम मदतनीस आहे, राखणदार नव्हे.

म्हणून घाटाला लागण्यापूर्वी, अंगणातच, दोन चाचण्या करता येतात. त्यांना गेज लागत नाही, मिस्त्री लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचे. ते कडक होईल. तसेच दाबून धरायचे आणि इंजिन चालू करायचे. पायाखाली पेडल थोडे खाली गेले, तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे. जागचे हलले नाही, तर मिळत नाही किंवा बूस्टर गेला आहे. दुसरी चाचणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करा, चार-पाच मिनिटे थांबा आणि मग पेडल दाबा. पहिला दाब नरम, पुढचे क्रमाने कडक होत जाणारे, असे हवे. पहिलाच दाब कडक लागला, तर साठा निसटला आहे : व्हॉल्व्ह, नळी किंवा डायफ्रॅम. पेडल धरून ठेवल्यावर पायाजवळ सतत फुसफुस आली, तर बहुधा डायफ्रॅम.

ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी महिन्या-दोन महिन्यांनी उतरते, चाकांजवळ कुठेही ओल नाही, जमिनीवर डाग नाही, असाही एक प्रकार असतो. मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले की ऑइल बूस्टरच्या पोटात उतरते. पेट्रोल गाडीत ते मॅनिफोल्डमधून इंजिनात जळते आणि मधूनच पांढरा धूर दिसतो. ब्रेक ऑइलमध्ये भिजलेला बूस्टरचा डायफ्रॅम फुगतो, सैल पडतो. अशा गाडीची नळी कितीही वेळा बदलली तरी पेडल जडच राहते. मास्टर सिलिंडर आणि बूस्टर दोन्ही उतरवावे लागतात.